क्योटोचे दिवस विषयवार कसे आखावेत

क्योटोचा नकाशा समोर घ्या आणि सगळ्यांच्या यादीत असतात ती चार ठिकाणं शोधा. सोन्याचा मुलामा दिलेलं किंकाकुजी वायव्येला, बांबूच्या बनाचं अराशियामा पार पश्चिमेला, कियोमिझुदेरा पूर्वेच्या डोंगरउतारावर आणि केशरी कमानींचं फुशिमी इनारी दक्षिणेला. ही चारही एका दिवसात उरकायची म्हटलं, की दिवसातले तीनेक तास बसच्या रांगेत आणि बसमध्ये उभं राहण्यात जातात. शिवाय दुपारी चारनंतर शेवटच्या मंदिराचं दार बंद व्हायची धास्ती. संध्याकाळी फोनमध्ये फोटो असतात, पण कुठलं मंदिर कोणतं ते आठवत नाही.

शहराची रचनाच तशी आहे. इ.स. ७९४ मध्ये राजधानी म्हणून वसवलेलं हे शहर सोंगट्यांच्या पटासारखं चौकटीत आखलेलं, मध्ये सपाट आणि तीन बाजूंनी डोंगर. मोठी मंदिरं बहुतेक डोंगरांच्या पायथ्याशी, म्हणजे शहराच्या कडेकडेने, आणि मेट्रो मात्र मधून जाते. त्यामुळे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणं हेच इथलं सगळ्यात महाग काम. म्हणून दिवस आखताना आधी विषय धरा, मग त्या विषयातली शहराच्या एकाच बाजूची ठिकाणं ठेवा. बाकीची कितीही प्रसिद्ध असली तरी त्या दिवशी खोडून टाका.

आखणी करताना

कागदावर विषयाशी जोडलेली आठ-दहा ठिकाणं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी टाका: उघडण्याची वेळ, शेवटच्या प्रवेशाची वेळ, सुट्टीचा वार. क्योटोतली बहुतेक मंदिरं नऊच्या आसपास उघडतात आणि पाचला बंद होतात, पण तिकीट साडेचारलाच थांबतं. हिवाळ्यात काही ठिकाणी त्याहून अर्धा-एक तास आधी. सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद. सोमवारी सार्वजनिक सुट्टी असेल तर ती सोमवारी उघडी राहतात आणि मंगळवारी बंद. हा मंगळवार हमखास विसरला जातो.

मग ठिकाणांचे दोन गट करा: कुंपण आणि तिकीट असलेली, आणि कायम उघडी. फुशिमी इनारी आणि यासाका ही देवस्थानं, कालवे, नदीकाठ, जुन्या गल्ल्या दुसऱ्या गटात येतात. दिवसाची सुरुवात आणि शेवट दुसऱ्या गटातल्या ठिकाणांनी करा, मधले सहा-सात तास पहिल्या गटाला द्या. एवढं केलं तरी त्याच दिवसात एक जास्तीचं ठिकाण बसतं. तिकिटाची ठिकाणं मात्र तीनच, फार तर चार. प्रत्येकाला दीड तास धरा, त्यातच बूट काढणं-घालणं, रांग आणि बाकावर टेकणं आलं.

फिरायचं कशाने

मेट्रोच्या दोनच मार्गिका आहेत. कारासुमा उत्तर-दक्षिण, तोझाई पूर्व-पश्चिम, आणि कारासुमा-ओइके स्थानकात त्या एकमेकींना छेदतात. कामो नदीच्या पूर्वेकडून केइहान कंपनीची रेल्वे जाते, दक्षिणेला आणि अराशियामाला जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची. नियम सोपा: आधी रेल्वेने किंवा मेट्रोने जवळात जवळ पोचा आणि शेवटच्या दहा मिनिटांपुरतीच बस घ्या. किंकाकुजीला क्योटो स्टेशनहून थेट बसने जाण्यापेक्षा मेट्रोने किताओजीपर्यंत जा आणि तिथून २०४ किंवा २०५ क्रमांकाची बस धरा. फोनवरचं ॲप तुम्हाला थेट बस सुचवेल, कारण कागदावर ती सोयीची दिसते. बस भरली म्हणून चालक थांबा सोडून पुढे निघून जातो, हे ॲपला कळत नाही.

शहरी बसचं भाडं सपाट २३० येन. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि उतरताना पैसे टाकायचे. पेटी सुटे परत देत नाही. बाजूच्या यंत्रात हजाराची नोट मोडायची, मग नेमके पैसे मोजून टाकायचे. ते उतरायच्या थांब्यावर करत बसलात तर मागे रांग लागते, म्हणून सिग्नलला बस उभी असताना मोडून घ्या. त्याहून बरं म्हणजे इकोकासारखं टेकवायचं कार्ड. फक्त बससाठीचा दिवसाचा पास २०२३ साली विक्रीतून काढला. जुन्या लेखांमध्ये त्याची शिफारस अजून सापडते, ती सोडून द्या. मेट्रो आणि बस मिळून दिवसाचा पास ११०० येनला येतो. तो पाच किंवा जास्त फेऱ्या असतील तरच परवडतो. एका बाजूचा दिवस आखला असेल तर फेऱ्या दोन-तीनच होतात, तेव्हा पासच्या मोहात पडू नका. दर बदलत असतात, निघायच्या आठवड्यात एकदा तपासून घ्या.

मोठी बॅग घेऊन शहरी बसमध्ये चढू नका. स्टेशनवरचे मोठे लॉकर गर्दीच्या हंगामात सकाळी नऊ-दहालाच भरतात, तेव्हा सामान हॉटेलवर ठेवून निघा.

पहिला विषय: आपले देव, जपानी वेशात

मराठी घरातल्या माणसाला क्योटोत सगळ्यात जास्त हाताला लागेल असा हा दिवस. सपाट रस्ता, थोड्या पायऱ्या, त्यामुळे आजी-आजोबा बरोबर असले तरी जमतो.

सकाळी आठला तोजी. क्योटो स्टेशनच्या हाचिजो बाजूने चालत पंधरा मिनिटं. पाच मजली शिखर ५५ मीटरच्या आसपास उंच आहे, जपानमधलं सगळ्यात उंच लाकडी शिखर, आत्ताचं बांधकाम १६४४ सालचं. पण थांबायचं आहे ते व्याख्यानगृहात, ज्याला कोदो म्हणतात. कूकाई हा भिक्षू चीनमध्ये वज्रयान शिकून आला, ८२३ साली हे मंदिर त्याच्या ताब्यात आलं आणि त्याच्या कल्पनेप्रमाणे इथे २१ मूर्तींचं एक त्रिमितीय मंडल उभं राहिलं. एका टोकाला चार हंसांच्या आसनावर चार तोंडांचा बोन्तेन, म्हणजे ब्रह्मदेव. दुसऱ्या टोकाला हत्तीवर बसलेला ताइशाकुतेन, म्हणजे इंद्र. वाहनावरून देव ओळखायची आपली सवय इथे थेट उपयोगी पडते. रेड्यावर बसलेला दिसेल तो मात्र यम नव्हे, यमाचाही अंत करणारा यमांतक. आणि गोझान्झे नावाची रागीट मूर्ती पायाखाली कोणाला तुडवते आहे ते पाटीवर वाचून दचकू नका: ते महेश्वर आणि उमा आहेत. बौद्ध परंपरेने जुन्या देवांवरचा आपला विजय असा दाखवला. इथे तासभर तरी ठेवा. फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे आपोआप नीट बघितलं जातं. दर महिन्याच्या २१ तारखेला आवारात मोठा बाजार भरतो. जुन्या किमोनोंसाठी तो दिवस छान, मूर्तींसाठी वाईट.

पुढचा टप्पा सांजुसांगेनदो. स्टेशनवरून पूर्वेला शिचिजो रस्त्याने चालत वीस मिनिटं. दोघं-तिघं असाल तर टॅक्सी करा. (टॅक्सीचं दार चालक आतून उघडतो, ओढू नका.) जवळपास १२० मीटर लांब दालनात सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती: मध्ये एक बसलेली मोठी, दोन्ही बाजूंना पाचपाचशे उभ्या. आत्ताची इमारत १२६६ सालची. पाहणारे हजार मूर्तींसमोरून सरकत जातात आणि पुढच्या ओळीकडे कोणी लक्ष देत नाही. तुम्ही तीच बघा. तिथे २८ रक्षक देव आणि वारा-विजांचे दोन देव उभे आहेत. बासरी वाजवणारा पंखवाला कारुरा म्हणजे गरुड. नाराएन म्हणजे नारायण. काठीच्या आधाराने उभा, बरगड्या मोजता येतील असा म्हातारा बासु-सेन्नीन म्हणजे वसू ऋषी. हे नाव उच्चारून बघा: चीनमार्गे गेलेल्या संस्कृत शब्दाची हाडं तेवढी उरली आहेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेर हे दालन सकाळी नऊला उघडतं आणि चारलाच बंद होतं, हे लक्षात ठेवून क्रम लावा.

जेवण उरकून उत्तरेला पंधरा-वीस मिनिटं चाला. रोकुहारामित्सुजी लागेल. नावातलं ‘हारामित्सु’ म्हणजे पारमिता, सहा पारमितांचं मंदिर. कूया नावाच्या भिक्षूने दहाव्या शतकात ते स्थापलं. त्याचा लाकडी पुतळा संग्रहदालनात आहे: तोंडातून तारेवर ओळीने सहा छोटे बुद्ध बाहेर पडताहेत, नामजपाचं एकेक अक्षर म्हणून एकेक बुद्ध. याच आवारात बेन्झाइतेन, म्हणजे सरस्वती. ती इथे सात भाग्यदेवतांपैकी एक मानतात. तिथून पाच मिनिटांवर रोकुदो-चिन्नोजी, जिथे जाळीच्या खिडकीतून एन्मा, म्हणजे यम, दिसतो. ओनो नो ताकामुरा हा नवव्या शतकातला दरबारी रात्री इथल्या विहिरीतून यमाच्या कचेरीत कामाला जायचा, अशी दंतकथा आहे. ही दोन्ही ठिकाणं चारच्या आत.

संध्याकाळ गिओनमध्ये. गिओन हे नाव जेतवनाचं आहे, श्रावस्तीच्या त्या विहाराचं. इथल्या देवस्थानात पूर्वी पुजला जाणारा गोझु-तेन्नो हा जेतवनाचा रक्षक मानला जाई, त्यावरून सगळ्या वस्तीला हे नाव पडलं. १८६८ साली बौद्ध धर्म आणि जपानचा मूळचा शिंतो धर्म वेगळे करताना देवस्थानाचं नाव बदलून यासाका झालं, वस्तीचं नाव राहिलं. देवस्थान चोवीस तास उघडं आणि फुकट.

त्याच्या समोरच्या रस्त्यावर कामेया कियोनागा हे १६१७ सालापासूनचं मिठाईचं दुकान आहे. तिथे ‘सेइजो कान्किदान’ मागा. कणकेच्या पारीत लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण, त्यात सात सुवासिक द्रव्यं, वर पाकळ्यांच्या चुण्या जुळवून मुरड घातलेली आणि सगळं तिळाच्या तेलात तळलेलं. हातात घेतल्यावर आकार ओळखायला वेळ लागत नाही. हा कान्गितेनचा, म्हणजे गणपतीचा, नैवेद्य. जपानमध्ये पैशांच्या बटव्याचा आकार म्हणतात, आपण तळणीचा मोदक म्हणू. पारी चांगलीच कडक असते, दातांना सांभाळून. चंदन-लवंगेचा वास इतका ठळक, की पहिल्या घासाला देवघरात बसून खाल्ल्यासारखं वाटतं. दुपारीच घेऊन ठेवा, संध्याकाळपर्यंत माल उरेलच असं नाही.

गणपतीचं देऊळच बघायचं असेल तर ते यामाशिनामध्ये आहे, जेआरने स्टेशनपासून पाच मिनिटं आणि मग चढाच्या रस्त्याने अर्धा तास. मूर्ती कधीच दाखवत नाहीत. मुळ्यांच्या जोडीचं चिन्ह दिसतं, तेवढ्यावर समाधान मानावं लागतं. वेगळी सकाळ हाताशी असेल तरच जा.

गिओनमध्ये एक सांभाळा: मुख्य रस्त्याच्या आतल्या खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद आहेत आणि पाट्यांवर १०,००० येन दंड लिहिलेला आहे. लगबगीने निघालेल्या गेइकोच्या, म्हणजे क्योटोतल्या गेइशाच्या, मागे फोन घेऊन धावणं तर सरळ असभ्यपणा.

दुसरा विषय: पाण्याने वाचवलेलं शहर

१८६९ साली सम्राट टोकियोला गेला आणि हजार वर्षं राजधानी म्हणून जगलेलं शहर रिकामं व्हायला लागलं. उपाय म्हणून डोंगर पोखरून शेजारच्या बिवा सरोवराचं पाणी आणायचं ठरलं. काम सोपवलं ते तानाबे साकुरो नावाच्या नुकत्याच पदवी घेतलेल्या अभियंत्याकडे, ज्याचा पदवीचा प्रबंधच या कालव्यावर होता. १८८५ ला सुरू झालेलं काम १८९० ला पुरं झालं. पुढच्याच वर्षी त्या पाण्यावर वीज, आणि १८९५ साली त्या विजेवर जपानमधली पहिली विजेची ट्राम. या गोष्टीची सगळी ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि निम्मी फुकट. तरीही हा दिवस फारसं कोणी आखत नाही.

सकाळी आठ: तोझाई मेट्रोचं केआगे स्थानक. बाहेर आलं की इन्क्लाइन लागतो, ५८२ मीटर लांबीचा उतार. त्यावर अजून रूळ आहेत. वरच्या आणि खालच्या कालव्यांतला फरक जवळपास ३६ मीटर, तो बोटींना पार करता येईना. म्हणून बोटी माणसं-मालासकट चाकांच्या गाड्यावर चढवून तारेने वर-खाली ओढत. वरच्या टोकापासून सुरुवात करून खाली या, गुडघे दुवा देतील. मार्चच्या शेवटी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंना साकुरा, म्हणजे चेरी, फुलतो. तेव्हा आठला नाही, साडेसहाला पोचा.

उताराखालून जाणारा विटांचा छोटा बोगदा चुकवू नका. आत उभं राहून छताकडे बघा: विटा सरळ रेषेत नाहीत, मळसूत्रासारख्या तिरक्या फिरत गेल्या आहेत. वरचा उतार आणि खालचा रस्ता काटकोनात छेदत नाहीत, त्यामुळे सरळ रचलेली कमान वरच्या ओझ्याने कडेला फाकली असती. तिरक्या रचनेने भार नीट जमिनीत उतरतो.

नऊला खालच्या टोकाशी कालव्याचं संग्रहालय उघडतं. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. पाऊण तास पुरे. मग मुरिनआन ही यामागाता आरितोमो या सेनानी-राजकारण्याची बाग. ओगावा जिहेई या माळ्याने तिच्यात कालव्याचंच पाणी खळाळत फिरवलं. गर्दीच्या दिवसांत वेळ आधी आरक्षित करा. इथून नानझेनजी मंदिराकडे. आवारात शिरताच उजवीकडे आत १८८८ सालची विटांची कमानदार पाणवाहिनी आहे, सुइरोकाकु, ९३ मीटर लांब. कमानींखाली फोटोची रांग लागते. ती सोडून बाजूच्या पायऱ्या चढा. वरून वाहतं पाणी हाताच्या अंतरावर दिसतं, आजही तितकंच जोरात.

जेवणानंतर तत्त्वज्ञाच्या वाटेने उत्तरेला. निशिदा कितारो हा तत्त्वज्ञ इथे फिरायला यायचा, म्हणून हे नाव. दीड-दोन किलोमीटर, पूर्ण सपाट, कालव्याच्या काठाने. मध्ये थांबून पाण्यात एक पान टाकून बघा. क्योटोच्या नद्या दक्षिणेला वाहतात, हे पान उत्तरेला जाईल. शेवटी गिंकाकुजी मंदिर, आशिकागा योशिमासा या माजी शोगुनने, म्हणजे लष्करी शासकाने, १४८२ पासून बांधायला घेतलेलं. नाव चांदीचं, पण चांदी कधी चढली नाही. साडेतीनपर्यंत पोचा. परतीला गिंकाकुजी-मिचीवरून २०३ किंवा २०४ ची बस पश्चिमेला कारासुमा मेट्रोपर्यंत घ्या. स्टेशनची थेट बस संध्याकाळी खच्चून भरलेली असते.

ताकद उरली आणि वेळ असेल तर क्रम थोडा बदलून हेइआन देवस्थानाची बाग मध्ये बसवा. तिच्या तळ्यातही कालव्याचंच पाणी आहे. सरोवरातून त्या पाण्याबरोबर आलेला एक छोटा मासा, इचिमोन्जी-तानागो, खुद्द सरोवरातून नाहीसा झाला, पण या तळ्यात टिकला.

तिसरा विषय: चहा, उजी गावात

क्योटो स्टेशनहून जेआरच्या नारा मार्गावर जलद गाडीने सतरा-अठरा मिनिटं, भाडं ३०० येनच्या आत. मंगळवार ते शुक्रवारातला दिवस निवडा. सोमवारी गेंजी संग्रहालय बंद, शनिवार-रविवारी माच्चा (हिरव्या चहाची पूड) आइस्क्रीमच्या रांगा गल्लीभर.

क्रम असा: सगळ्यात आधी ब्योदोइन मंदिर. दहा येनच्या नाण्यावर दिसतो तो १०५३ सालचा फिनिक्स मंडप इथे. बागेचं तिकीट ७०० येन, मंडपाच्या आत जायचे आणखी ३००. आत एका वेळी पन्नासच जण सोडतात, वीस-वीस मिनिटांनी, आणि ही तिकिटं आगाऊ मिळत नाहीत. अकराला पोचलात तर दुपारी अडीचची वेळ हातात पडते आणि पुढचा सगळा दिवस तिच्याभोवती बांधला जातो. पावणेनऊला दारात उभे राहिलात तर साडेनऊ-दहाला आत जाऊन मोकळे.

मग नदी ओलांडून उजीगामी देवस्थान आणि गेंजी संग्रहालय. मुरासाकी शिकिबूच्या अकराव्या शतकातल्या ‘गेंजी’ या कादंबरीची शेवटची दहा प्रकरणं याच गावात घडतात. परत येताना नदीकाठच्या ताइहोआन या नगरपालिकेच्या चहाघरात बसा. पाहुण्यांची सवय असलेलं ठिकाण आहे, मांडी घातली तरी कोणी नाक मुरडत नाही. उजी पुलाच्या पूर्व टोकाशी त्सुएन हे चहाचं दुकान ११६० पासूनचं.

विकत घ्यायचं असेल तर आधी समजून घ्या. माच्चासाठीची झुडुपं तोडणीआधी तीनेक आठवडे झाकून ठेवतात, त्याने पानात गोडवा राहतो. पानं वाफवून, वाळवून, शिरा-देठ काढून जे उरतं ते तेन्चा, आणि ते दगडी जात्यावर दळलं की माच्चा. एक जातं तासाला जेमतेम ४० ग्रॅम दळतं. भरभर फिरवलं तर दगड तापतो आणि वास उडतो. किंमत तिथूनच येते. ‘स्वयंपाकासाठी’ लिहिलेली पुडी घेऊन घरी नुसता चहा केला तर कडू लागणार. प्यायचा असेल तर पिण्याचाच घ्या, आणि २०-४० ग्रॅमचा छोटा डबा. एकदा उघडल्यावर महिन्याभरात संपवा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत बंद डबा फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर आत पाणी धरतं आणि गुठळ्या होतात. एका वाडग्याला चाळून २ ग्रॅम पूड, ८० अंशांचं ७० मिलिलिटर पाणी. उकळतं ओतलं की तुरट.

परतीला केइहान रेल्वेने ओबाकु स्थानकावर उतरा. मानपुकुजी मंदिर तिथून पाच-सात मिनिटं. चीनमधून आलेल्या इन्गेन या भिक्षूने १६६१ साली स्थापलेलं, बांधणी मिंग काळातल्या चिनी पद्धतीची. फरसबीला जपानीत आजही ‘इन्गेन’ म्हणतात, ती त्याच्याच नावाने.

उरलेल्या दिवसांसाठी, थोडक्यात

कापडाचा दिवस निशिजिनमध्ये, इमादेगावा मेट्रोच्या पश्चिमेला. पैठणी हातात धरलेल्यांनी इथलं ‘त्सुझुरे’ विणकाम मुद्दाम बघावं. आपल्याकडे नक्षीच्या प्रत्येक रंगाला वेगळी कांडी, इथेही तसंच. फरक असा, की निशिजिनचे विणकर नखांना करवतीसारखे दाते पाडून घेतात आणि आडवा धागा नखांनीच ठोकून बसवतात. तारीख २५ असेल तर सकाळ जवळच्या कितानो तेन्मान्गू देवस्थानाच्या बाजारात घालवा.

फुशिमीचा दिवस म्हणजे कमानी आणि साके, म्हणजे तांदळाची दारू. सकाळी सातच्या आत इनारी. पूर्ण फेरी दोन-तीन तासांची. योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंत गेलं तरी दृश्य मिळतं, त्यापुढे गर्दी अर्ध्यावर येते. जेआरने जाताना लोकल घ्या. जलद गाडी इनारीला थांबत नाही, थेट पुढे घेऊन जाते. मग केइहानने फुशिमी-मोमोयामाला उतरून साकेच्या जुन्या भट्ट्या.

शाकाहारी मंडळींसाठी

अडचण मटण-मासळीची नाही, ती डोळ्यांना दिसते. अडचण ‘दाशी’ची आहे. वाळवलेल्या बोनितो माशाचा हा काढा मिसो सूप, सोबा-उदोन या शेवयांचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, इनारी-झुशीतलं तळलेलं तोफू, सगळ्यात असतो. नानझेनजीजवळचं युदोफू (गरम पाण्यात उकळलेलं तोफू) नुसतं तोफू दिसतं, पण सोबतच्या चटणीच्या पाण्यात बहुधा मासा असतोच. म्हणून नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन, कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन’ एवढं म्हणा, किंवा हॉटेलच्या काउंटरवर जपानीत लिहून घ्या आणि तो कागद दाखवा.

खात्रीचा मार्ग म्हणजे देवळातलं शोजिन जेवण. रस्सा कोंबू शेवाळ आणि शिताके अळिंबीचा, आणि परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य. अराशियामाच्या तेनर्यूजीत आणि उजीजवळच्या मानपुकुजीत ते मिळतं, आरक्षण आधी करावं लागतं. दिवस आखताना म्हणूनच जेवणाचं ठिकाण शेवटी भरू नका, तिकिटाच्या ठिकाणांबरोबरच नक्की करा. दीड वाजता भूक लागल्यावर शोध सुरू केला तर अडीचला स्वयंपाकघरं बंद झालेली असतात. पाठीवरच्या पिशवीत दशम्या, चटणी, सुकामेवा असू द्या. रस्त्यात चालता-चालता खाणं मात्र टाळा, बाक बघून बसा. कचराकुंड्या जवळपास नसतातच, रिकामी पिशवी बरोबर ठेवा.

कुठे बिनसतं

लेसचे बूट. दिवसात सात-आठ वेळा काढावे लागतात. सहज निघणारे घाला आणि मोजे बिनभोकाचे. हिवाळ्यात देवळांच्या लाकडी जमिनी बर्फासारख्या गार असतात, जाड मोजे घ्या.

नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत लाल मेपल बघायला सगळा जपान इथे येतो. त्या दिवसांत वरच्या प्रत्येक वेळेच्या एक तास आधी निघा आणि तिकिटाचं एक ठिकाण कमी करा. डिसेंबरात पावणेपाचला सूर्य मावळतो. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरांच्या वाटीत हवा कोंडते, तापमान ३५ अंशांच्या वर जातं. तेव्हा दुपारी बारा ते तीन संग्रहालयात किंवा हॉटेलवर, आणि उघड्यावरची ठिकाणं सकाळ-संध्याकाळी. जूनच्या पावसात तत्त्वज्ञाची वाट छत्रीखालीही सुंदर, इनारीच्या पायऱ्या मात्र घसरड्या.

लहान मंदिरांत कार्ड चालत नाही. माणशी ५००-६०० येनचं तिकीट, दिवसाला तीन-चार. चौघांच्या कुटुंबाने आठ-नऊ हजार येन रोख जवळ ठेवावेत, त्यातले काही शंभराच्या नाण्यांत. मंदिरांचे हस्तलिखित शिक्के, गोशुइन, जमवत असाल तर वही आत शिरतानाच खिडकीवर द्या आणि निघताना घ्या. चारनंतर ती खिडकी कधी बंद होईल सांगता येत नाही.